आबा आणि काळी काच

आमच्या घराला दोन दारं होती, एक राहत्या घराचं आणि एक भट्टीचं. पण घराच्या दाराने आत आलेलं माणूस मला आठवत नाही. सोयरा असो नाहीतर गिऱ्हाईक, तो आधी भट्टीत यायचा, ऐरणीशेजारच्या फणसाच्या ओंडक्यावर टेकायचा आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातातलं काम संपेपर्यंत गप्प बसायचा. घण पडत असताना बोलून उपयोगही नसे. आम्ही मूळचे कापडे गावचे. आबांनी लोहारकाम तिथून उचलून पोलादपूरला हमरस्त्याच्या कडेला आणलं, कशेडीचा घाट उतरून येणाऱ्या ट्रकांचं काम मिळेल या आशेने. ट्रकांचं काम फारसं मिळालं नाही. त्यांच्या तापलेल्या ब्रेकचा वास मात्र दिवसभर घरात यायचा, आणि त्यांच्या मोडक्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, पाटे फुकट मिळायचे. त्या पाट्यांतलं पोलाद आबांना फार आवडे. गिऱ्हाइकाला ते दाखवताना आबा एखाद्या घरंदाज माणसाची ओळख करून द्यावी तसं बोलत.

सकाळी आईचं भाकरी थापणं आणि आबांचा घण यांची जणू जुगलबंदी चाललेली असे. मध्येच दोन्ही आवाज थांबले की समजायचं, चहा झाला. जेवणात कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, बाजाराच्या दिवशी सुक्या बोंबलाचं कालवण. आबा तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटत. त्यांच्या हाताला भाजत नसे, आणि पायालाही नाही. उभ्या जन्मात त्यांनी ऐरणीपुढे पायात काही घातलं नव्हतं. ठिणगी पायावर पडली तर दुसऱ्या पायाने ती पुसून टाकत, डास मारावा तशी. लहानपणी मला वाटायचं, आगीचं आणि आबांचं काहीतरी आपसात ठरलेलं असणार.

पण भट्टी थंड पडत चालली होती. महाडच्या बाजारात तयार फाळ, तयार कोयते, तयार कुदळी आल्या. बिरवाडीकडे कारखान्यांच्या शेडा उभ्या राहत होत्या, त्यांना खिडक्यांच्या जाळ्या आणि छपराच्या कैच्या जोडणारी माणसं हवी होती. फाळ पाजवणारी नको होती. मी मॅट्रिक झाले आणि महाडच्या सरकारी प्रशिक्षण शाळेत शिवणकामाला नाव घालायला गेले. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या. कारकुनाने यादीवरून बोट खाली नेलं आणि म्हणाला, "वेल्डिंगला एक जागा आहे, पण ती तुझ्या काय कामाची?" बाजूला वेल्डिंग शिकवणारे कांबळे सर उभे होते. चवदार तळ्याच्या बाजूला राहणारे, बारीक अंगाचे, खिशाला नेहमी पेन. त्यांनी मला विचारलं, "घरी काय काम करतात?"

"लोहारकाम."

"म्हणजे आगीची ओळख आहे. लिहा हिचं नाव."

एकोणीस मुलगे आणि मी. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी ठिणग्या उडतील. पंधरा दिवस सरांनी आम्हाला रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, पेटवूही दिला नाही. नुसतं मशीन मांडायचं आणि उचलायचं. जमीन कोरडी आहे का ते आधी पाहायचं. मशीनच्या पेटीला अर्थिंगची तार आहे का? दोन केबली, एकीच्या टोकाला रॉड धरायचा होल्डर, दुसरीच्या टोकाला जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा. तो चिमटा गंजावर नाही, घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचा. केबलीचं रबर कुठे सोललंय का, ते हात फिरवून बघायचं, आणि हे सगळं बटण बंद असताना. मी पहिल्या दिवशी आईची नायलॉनची साडी नेसून गेले होते. सरांनी मला दारातच थांबवलं. "नायलॉन जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. उद्या सुती घालून ये." दुसऱ्या दिवसापासून मी आबांचा पूर्ण बाह्यांचा खाकी सदरा घालून, वेणी फडक्याखाली बांधून जायला लागले. एसटीत बायका माझ्याकडे बघायच्या. कंडक्टरने एकदा "पोलीसभरती काय?" असं विचारलंही.

आजही मी कुठल्या वर्कशॉपवरून जाते तेव्हा माझी नजर आधी जमिनीवर जाते, ओल आहे का ते पाहायला. माझा नातू हसतो. त्याच्याकडे आता डोक्यावर चढवायचा मुखवटा आहे, त्याची काच प्रकाश पडला की आपोआप काळी होते. आमच्या वेळी काच एका हाताने तोंडापुढे धरायची, आणि ती कायमचीच काळी. तिच्यातून ठिणगी पेटेपर्यंत काहीसुद्धा दिसायचं नाही, आणि पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

आईचा भाऊ मुंबईत गोदीजवळच्या एका वर्कशॉपात होता. मी वेल्डिंग शिकतेय हे कळल्यावर त्याने तिथलं बाजूला पडलेलं एक जुनं मशीन ट्रकात घालून पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, "मशीन टकाटक हाय, फिकर नॉट." दोन माणसांनी उचलून ते भट्टीत ठेवलं. आबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पेटीवर बोटांनी वाजवलं आणि आपल्या कामाला लागले. पुढचे आठ दिवस मी त्यांच्या भट्टीत जो धुडगूस घातला तो त्यांनी कसा सोसला कोण जाणे. लोखंड थंड करायची पाण्याची कुंडी मी दूरच्या कोपऱ्यात न्यायला लावली. गोणपाटं, तेलाचे बोळे, कोळशाचा चुरा झाडून बाहेर काढला. उभं राहायच्या जागी लाकडी फळी टाकली, वाळूची बादली भरून ठेवली. वायरमन आला तेव्हा अर्थिंगसाठी मागच्या बाजूला खोल खड्डा खणला आणि त्यात पट्टी पुरून मीठ आणि कोळसा थराथराने भरला.

आबा वरून बघत होते. "काय गो सुमे, लोणचं घालतेस काय?"

आई आतून म्हणाली, "घालू दे. मुरलं तर बरंच."

रॉड दमट झाले तर नीट चालत नाहीत. आमच्याकडे तर पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी धरतं. आईने ते एका बिस्किटाच्या डब्यात घालून चुलीवरच्या माळ्यावर ठेवले, बोंबलांच्या शेजारी. पुढे किती तरी वर्षं आमच्या रॉडांना बोंबलाचा वास येत असे. करंट बरोबर लावलेला असेल तर वेल्डिंगचा आवाज तळणीसारखा, एका लयीत येतो. कमी पडला तर फुटकळ तडतडतो आणि रॉड चिकटतो, जास्त झाला तर खवळतो. आईला हे दोन दिवसांत कळलं. मी दहा नंबरच्या रॉडला शंभराच्या आसपास करंट ठेवून पट्टीवर हात बसवत असले की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "आता बरोबर तळतंय."

अडलं ते आबांपाशी. त्यांना शिकायचं होतं. पण काच धरायची नव्हती.

"काचेतून काय दिसतंय? नुसता काळोख," ते म्हणत. "लोखंडाचा रंग दिसल्याबिगर मी हात कसा चालवू? चाळीस वर्ष भट्टीत बघतोय, डोळं गेलं नाय माझं."

"आबा, ही ती आग नाही. सर म्हणतात हिच्यात न दिसणारी किरणं असतात."

"न दिसणारी हायत, तर तुझ्या सरांना दिसली कशी?"

मी त्यांना दाखवायची, रॉड आधी जागेच्या अगदी जवळ न्यायचा, मग काच तोंडापुढे धरायची, आणि मग काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढायचा. ते करायचे, पण काच पुढे येताच त्यांचा हात सरकायचा आणि रॉड भलतीकडेच टेकून चिकटायचा. ओंडक्यावर बसलेलं कोणी ना कोणी हसायचं. कापड्याचे सकपाळ एकदा म्हणाले, "शिवा, लेक मास्तरीन झाली वाटतं. छडी नाय ना मारत?" आबाही हसले. पण त्या दिवशी त्यांनी होल्डर खाली ठेवला, तो महिनाभर हातात घेतला नाही.

नांगरणीचे दिवस जवळ आले. सकपाळांनी फाळ आणून टाकला. त्याचं टोक झिजून मोडलं होतं, नवं टोक लावायचं होतं. ते चार मुलांचे, दहा एकर भाताचे शेतकरी. त्यांचं काम चांगलं झालं तर खोऱ्यातली बाकीची माणसं येणार, नाहीतर महाडला तयार फाळ घ्यायला जाणार. सकपाळांनी जाताना ते लपवलं नाही. "या खेपंला बघतो. नायतर बाजारातला घेईन म्हणतो, वाईट वाटून घेऊ नको." आबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी महाडला गेले असताना आबांनी पाट्याचं पोलाद कापून टोक घडवलं, मशीन सुरू केलं आणि काच बाजूला ठेवून, डोळे बारीक करून, ते टोक फाळाला जोडलं. अनवाणी, लोखंड तापवायला बसावं तसंच. अर्धा तास लागला. मी संध्याकाळी आले तर फाळ ऐरणीवर होता आणि आबा ओसरीवर विडी ओढत होते. चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल. "बघ," ते म्हणाले. जोड ओबडधोबड होता, पण जोड होता. मी विचारलं, "काच धरलीत ना?" ते म्हणाले, "जमलं ना? मग झालं."

सकाळी मला आईच्या हाकेने जाग आली. आबा भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबलेल्या, गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे सुजून बंद झाले होते. "वाळू गेलीय," ते म्हणत होते. "कुणीतरी डोळ्यात वाळू टाकलीय. काढा गो." आईने पाण्याचे हबके मारले, आत काहीच नव्हतं. मला काय झालंय ते ठाऊक होतं. सरांनी सांगितलं होतं की दुखणं लगेच येत नाही, काही तासांनी येतं, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतं. पण ते वहीत लिहिलेलं होतं. माझ्यापुढे माझे आबा बसले होते, त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांचा हात धरून दवाखान्यात नेलं. दोन फर्लांगांची वाट. दर दहा पावलांना ते विचारत, "कुठं आलो?" मी सांगायची, पिंपळ आला, आता गिरणी, आता पुलाची चढण. पुलावर ते थांबले. "सुमे, डोळं गेलं तर भट्टी विकू नको. ऐरण तर नायच." मी म्हणाले, "जाणार नाहीत." त्यांनी माझा हात घट्ट दाबला, जणू डोळे माझेच दुखत होते. डॉक्टरांनी डोळे तपासले, औषधाचे थेंब घातले, पट्टी बांधली. दोन दिवस अंधारात पडून राहायचं, चोळायचं नाही, घरचं काही घालायचं नाही. "बरे होतील," ते म्हणाले. "पण पुन्हा केलंत तर दर वेळी बरे होतीलच असं मी सांगणार नाही."

ते दोन दिवस भट्टी बंद होती. तसं घर मी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यावरच्या ट्रकांचे गिअर, आईच्या बांगड्या, मागच्या कोंबड्या, सगळं एकदम जवळ आलं होतं. आबा मधल्या खोलीत पडून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "ती तुझी वही हाय ना, वाच जरा. नायतरी पडूनच हाय मी."

मी पहिल्या पानापासून वाचलं. आबांना अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं त्यांच्यात मुरायचं. प्रत्येक ओळीला ते मला थांबवत. ओल्या जमिनीवर उभं का राहायचं नाही? वीज वाट शोधते, आणि ओला माणूस तिला सोपी वाट वाटते. चिमटा गंजावर का नको? रॉड चिकटला तर ओढत बसायचं नाही, होल्डर पिळून सोडवायचा. डिझेलचं रिकामं पिंप कुणी आणलं तर हात लावायचा नाही. आत उरलेली वाफ पिंपासकट माणूस उडवते. मग किरणांचं पान आलं. मी म्हणाले, "आबा, लावणीत दिवसभर पाठ उन्हात असते, तेव्हा काही वाटत नाही. संध्याकाळी आंघोळीचं पाणी पडलं की आग होते. तसं."

ते माझ्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "म्हंजे भट्टीची आग सांगून भाजते. ही न सांगता."

"हो."

"तसं सांगायचं ना आधी."

आणि थोड्या वेळाने, पट्टीखालूनच, "सकपाळ हसला म्हणून नाय केलं मी. तू सकाळी जातेस. ती मशीन माझ्याच भट्टीत दिवसभर पाव्हण्यासारखी बसून असते, आन मला तिच्याशी दोन शब्द बोलता येत नाय. माझ्याच घरात."

पट्टी सुटली तेव्हा डोळे लाल होते, पण दिसत होतं. आबांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उठून सरळ भट्टीत गेले. फाळ ऐरणीवर ठेवला आणि आपल्याच जोडावर घण घातला. टोक पहिल्याच घावाला निघून दूर पडलं. आत वितळलेल्या रॉडचा काळा मळ भरलेला होता. "वरून चांगला दिसत होता," ते म्हणाले. मामाने मशीनबरोबर बूटही पाठवले होते. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा चढवले आणि फळीवर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, दुसरी काच हातात घेऊन.

मी जोड दिला. वहीत होतं तसाच सगळा, प्रत्येक थरानंतर मळ ठोकून काढत. जोड सुरेख, माशाच्या खवल्यांसारखा आला. मी काच खाली केली, आणि तेवढ्यात 'टिक' असा बारीक आवाज झाला. मला तो ऐकूच आला नाही. आबांना आला. "ऐकलंस?" त्यांनी वाकून पाहिलं. माझ्या सुरेख जोडाच्या अगदी कडेने, पोलादाच्या बाजूला, केसाएवढी चीर गेली होती. मी पुन्हा घासलं, पुन्हा जोडलं. पुन्हा टिक. माझ्या वहीत याचं काहीच नव्हतं. मी फळीवरच खाली बसले. मला रडू येत होतं, आणि सकपाळ परवा येणार होते.

आबांनी ते टोक उचलून चिरेवर अंगठा फिरवला. "सुमे, फाळ मऊ लोखंडाचा हाय. हे टोक पोलाद. थंडगार पोलादाला एकदम अशी आग दिलीस तर ते बिचकतं. आन मग एकदम निवतं, तवा तडकतं." त्यांनी भट्टी पेटवली. दोन्ही तुकडे निखाऱ्यात ठेवले आणि मला भट्टीला वारा देणारा पंखा हळू फिरवायला सांगितला. काळसर तांबडा रंग चढला तसे ते म्हणाले, "आता." आम्ही ते गरमच उचलून ठेवले, मी चिमटा लावला आणि होल्डर पुढे केला, तो माझ्याकडेच ठेवायच्या इराद्याने. आबांनी तो माझ्या हातातून घेतला. रॉड जागेजवळ नेला, काच तोंडापुढे धरली. क्षणभर ते त्या काळोखात नुसते थांबले. मग रॉड ओढला, आणि आतून आई म्हणाली, "आता बरोबर तळतंय."

जोड पुरा झाला. आबांचा हात सवयीने फाळ धरलेल्या सांडशीसकट पाण्याच्या कुंडीकडे वळला, आणि कुंडी तिथे नव्हती. ते स्वतःशीच हसले. भट्टीच्या कडेची गरम राख ओढून त्यांनी फाळ तिच्यात पुरला, लेकराला पांघरूण घालावं तसा. "उद्यापर्यंत निवू दे, आपल्या मनानं." दुसऱ्या दिवशी फक्त टोकाची दोन बोटं तापवून पाण्यात बुडवली, धार टिकावी म्हणून, जोडापर्यंत पाणी जाऊ दिलं नाही. मग घण घातला. चार वेळा. पाचव्यांदा मला म्हणाले, "तू घाल." जोड हलला नाही. सकपाळ फाळ घेऊन गेले, आणि त्या हंगामात खोऱ्यातले अकरा फाळ आमच्याकडे आले.

सोमवारी मी कांबळे सरांना सगळं सांगितलं. आबांचे डोळे, चीर, राख, सगळं. डोळ्यांच्या गोष्टीवर त्यांनी फक्त विचारलं, "आता बरे आहेत ना?" मग म्हणाले, "आधी तापवून, मग राखेत. हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही सर. आबांनी सांगितलं."

सर फळ्याकडे गेले. त्यांनी मुलांना वह्या काढायला सांगितल्या आणि आबांची रीत पायरीपायरीने फळ्यावर लिहिली, मध्ये थांबून मला विचारत, रंग कुठला, राख किती गरम. शेवटी म्हणाले, "पूर्ण नाव सांग वडिलांचं." मी सांगितलं. त्यांनी ते खाली लिहिलं, आणि एकोणीस मुलांनी उतरून घेतलं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आबा बूट काढत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी एक बूट काढला, बाजूला ठेवला. "शिवा लोहार असंच लिवलं असेल."

"नाही. शिवराम गोविंद लोहार. पूर्ण."

"आन पुढं श्री?"

"लिहिलं की."

आबांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली आणि ती हातात धरून तसेच बसून राहिले. आईने आतून दोनदा चहाला हाक मारली.